आधी सेन्सॉर, मग तिसरी घंटा

एकांकिका बसवणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. तालमीइतकाच घोर त्याला ‘सेन्सॉर झालं का’ याचा असतो. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग लावायचा, तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यायची, सांगितलेली वाक्यं गाळायची आणि प्रमाणपत्र हातात पडलं की मगच पडदा वर. मोबाइलवर घरोघरी पोचणाऱ्या वेब मालिकेची संहिता मात्र आधी कोणी तपासत नाही.

ही खोड इंग्रजांची. १८७६ साली कलकत्त्यात प्रिन्स ऑफ वेल्सची सरबराई करणाऱ्या एका वकिलाची प्रहसनातून टर उडवली गेली आणि सरकारने त्याच वर्षी नाट्यप्रयोगांवर कायदा आणला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आली. त्या नाटकात व्हाइसरॉय कर्झनचं नाव कुठेही नाही. विराटाचा दरबार, सैरंध्री, माजलेला कीचक, एवढंच. पण थिएटरात बसलेल्या माणसाला कीचक कोण, ते न सांगता कळत होतं. नाटकातलं राजकारण असं नट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये घडतं. कागदावर तांबड्या खुणा करणाऱ्याच्या ते हाती लागत नाही, म्हणूनच तो दिसेल त्या शब्दावर घसरतो.

स्वराज्य आलं, कीचक गेला, तपासनीस राहिला. मोरारजी देसाई मुंबई राज्यात सत्तेवर असताना अण्णा भाऊ साठे यांच्या कलापथकावर बंदी आली. १९७२ साली तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला मंडळाने इतके काप सुचवले, की नाटक उरलंच नसतं. दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्यांच्या हिमतीला माझा दंडवत. पण प्रत्येक प्रयोगासाठी कोर्टाची पायरी चढणारा सारंग कुठून आणायचा? गावाकडचा लेखक कोर्टात जात नाही. तो लिहितानाच बोचणारं वाक्य खोडतो, आणि ते वाक्य होतं हे कुणाला कळतही नाही. माझा राग आहे तो या न दिसणाऱ्या कापावर. घटनेच्या १९व्या कलमाने दिलेला अभिव्यक्तीचा हक्क इथे टेबलाशीच मरतो. आणि प्रेक्षकाचा ऐकण्याचा हक्क? त्याला तर कोणी विचारतच नाही.

तमिळनाडूतला असाच कायदा मद्रास उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. इंग्रजांचा १८७६चा कायदा केंद्राने २०१८ मध्ये पुस्तकातून काढून टाकला. अमोल पालेकर २०१६ पासून मुंबई उच्च न्यायालयात याच पूर्वपरवानगीविरुद्ध उभे आहेत. नाटकाचा अभिमान मिरवणाऱ्या राज्याने एका नटाला त्यासाठी एवढी वर्षं तिष्ठत ठेवावं?

प्रयोगात गुन्हा घडला तर खटला भरा, कायदे पुरेसे आहेत. प्रयोगाआधीची तपासणी तेवढी सरकारने रद्द करावी. आणि नाट्य परिषदेने संमेलनात अनुदान आणि नाट्यगृहांच्या भाड्याच्या ठरावांआधी हा ठराव घ्यावा, अध्यक्षांच्या भाषणापूर्वी, मंत्री व्यासपीठावर बसलेले असताना.