शस्त्रक्रियेनंतर शस्त्र : होतकरू संग्राहकांस मार्गदर्शन

माणसाची छाती करवतीने उघडून पुन्हा तारेने बांधली, की त्याला बक्षीस म्हणून काहीतरी मिळायला हवे, याबद्दल दुमत नसावे. पूर्वीचे लोक अशा वेळी नवस फेडत, सत्यनारायण घालत, अष्टविनायक करून येत. ह्यूस्टनमध्ये हयात घालवलेल्या निवृत्त मराठी इंजिनिअरचे एवढ्याने भागत नाही. प्रसादाचा शिरा आहारतज्ज्ञबाईंनी बंद केलेला असतो, अष्टविनायक दोन विमाने बदलून जाण्याइतका लांब पडतो, आणि शेजारच्या टेक्सन गृहस्थाने गॅरेजमधली तिजोरी उघडून दाखवली त्या दिवसापासून एक निळसर-काळी वस्तू त्याच्या मनात ठाण मांडून बसलेली असते. महाराष्ट्र मंडळात अशा गृहस्थांना सगळे काका म्हणतात. इथेही तसेच म्हणू.

ही मार्गदर्शिका फक्त अमेरिकेतल्या काकांसाठी आहे. कोथरूडमधल्या काकांनी ती वाचून उचंबळून येऊ नये. आपल्याकडच्या १९५९च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि परवान्यावर बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. दोन वस्तूंना संग्रह म्हणत नाहीत, जोडी म्हणतात.

सर्वांत आधी मुहूर्त. दुखण्यातून उठलेल्या माणसापाशी घरच्यांच्या सहानुभूतीचे भांडवल असते, पण त्याला मुदत असते. पहिल्या आठवड्यात काकू म्हणतात, “अहो, तुम्हाला काय हवं ते सांगा.” सातव्या-आठव्या आठवड्यात त्याच काकू कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढत न्यायला सांगतात. या दोन वाक्यांच्या मधेच विषय काढायचा. अमेरिकेतली बरीच इस्पितळे बायपासच्या रुग्णाला हृदयाच्या आकाराची लाल उशी देतात. खोकला आला की ती छातीवर घट्ट दाबून धरायची, म्हणजे छातीच्या हाडाला हिसका बसत नाही. काकू गोळ्यांचा आठवड्याचा डबा भरत असताना ही उशी कवटाळावी, किंचित खोकावे, आणि म्हणावे, “अगं, वाचलो. आता एखादी गोष्ट स्वतःसाठी घ्यावी म्हणतो.” काकूंच्या डोळ्यांपुढे अलास्काची बोट येते. त्या म्हणतात, “घ्या की!” हा होकार तारीख घालून वहीत टिपून ठेवावा.

वैद्यकीय आक्षेप टिकणारा नाही. दहा पौंडांहून जड काही उचलू नका, असे पहिले काही आठवडे बजावलेले असते. कोल्टचे १९११ हे पिस्तूल रिकामे असताना जेमतेम अडीच पौंड भरते. गहू-पिठाची वीस पौंडी पिशवी गाडीतून घरात आणण्याची वेळ आली, की मात्र डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे उद्धृत करावेत.

आता परवाना. इथे काकांचा चेहरा खुलतो, कारण फॉर्म भरणे हे त्यांचे पहिले प्रेम. १९६८च्या अमेरिकी बंदूक नियंत्रण कायद्यानुसार पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात असलेले शस्त्र ‘क्युरिओ अँड रेलिक’ या वर्गात मोडते. अशा वस्तू जमवणाऱ्यासाठी वेगळा परवाना मिळतो. फी तीन वर्षांना ३० डॉलर. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाकडे पाठवायची असते, आणि अर्जावर साठ दिवसांत निर्णय द्यावा असे कायदाच सांगतो. साठ दिवसांत छातीचे हाडही बऱ्यापैकी जुळून येते, असा हा सरकार आणि शल्यविशारद यांचा सुरेख मेळ आहे. परवाना असला की या वर्गातली वस्तू दुसऱ्या राज्यातूनही थेट मागवता येते. नसला तर मधे दुकानदार, फॉर्म आणि चौकशी आली. धंदा करायला मात्र हा परवाना चालत नाही. आणि राज्याचे नियम वेगळे असतात. टेक्सासमध्ये जे चालते ते न्यू जर्सीच्या व्याह्यांना चालेलच असे नाही.

परवानाधारकाने एक बांधीव नोंदवही ठेवायची असते: वस्तू कोणाकडून आली, कधी आली, बनावट कोणाची, क्रमांक काय, पुढे कोणाकडे गेली. काका ती तीन रंगांच्या शाईत ठेवतात. किमतीचा रकाना सरकारने मागितलेला नाही. वॉशिंग्टनमध्येही संसारी माणसे आहेत, याचा याहून ठळक पुरावा नाही.

१८९८ साली किंवा त्याआधी बनलेले पिस्तूल केंद्रीय कायद्याच्या लेखी शस्त्रच नव्हे, ती पुराणवस्तू. म्हणजे कोल्टच्या कारखान्यातून शेजारी-शेजारी बाहेर पडलेल्या दोन भावंडांपैकी १८९८चे पुराणवस्तू आणि १८९९चे शस्त्र. काकांना हा मुद्दा अतिशय आवडतो. मंडळाच्या कोजागिरीला ते तो मसाला दुधाच्या रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही समजावून सांगतात. त्यांना अडवू नये, पण रांग पुढे सरकवत ठेवावी.

पहिली खरेदी नागांची असावी. सापाची नव्हे, बेल्जियन लेओं नागांने आखलेले आणि रशियाने १८९५ साली सैन्यासाठी घेतलेले हे रिव्हॉल्व्हर. सात गोळ्यांचे. घोडा ताणला की त्याचे सिलिंडर पुढे सरकून नळीला चिकटते आणि मधल्या फटीतून वायू निसटत नाही, ही त्याची खुबी. एके काळी ते शंभर डॉलरांच्या आत मिळे. ते दिवस गेले, आणि ते दिवस सांगणारे लोक मात्र दर प्रदर्शनात भेटतात. घोडा आधी न ताणता नुसता चाप ओढायचा तर जोर वीस पौंडांच्या घरात लागतो. डॉक्टरांची मर्यादा इथे मोडते, हे लक्षात असू द्यावे.

दुसरी पायरी ल्यूगरची. जर्मन सैन्याने १९०८ साली स्वीकारलेले हे पिस्तूल सिनेमांनी इतके दाखवले आहे की काकांना ते नात्यातले वाटते. त्याच्या छोट्या छोट्या भागांवरही मुख्य क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. सगळे आकडे जुळले तर भाव एक, एखादा सुटा भाग दुसऱ्या पिस्तुलाचा निघाला की भाव धाडकन खाली. म्हणून काका भिंग घेऊन प्रत्येक स्क्रूपाशी नाक नेतात आणि विक्रेत्याला सुनावतात, “हा भाग मूळचा नाही.” हे सुनावणाऱ्याच्या स्वतःच्या हृदयात पायातून काढलेली शीर बसवलेली असते. मूळ स्वरूपाची अट माणसांना लावली, तर काका केव्हाच यादीतून बाद होतील. काकूंनी हे एकदा मोठ्याने म्हटले, तेव्हा विक्रेता हसला आणि त्याने पन्नास डॉलर कमी केले. काकूंना बरोबर न्यावे.

विक्रेत्याच्या गोष्टीचे पैसे देऊ नयेत. प्रत्येक ल्यूगर कोणाच्या तरी आजोबांनी जर्मन अधिकाऱ्याच्या कमरेवरून काढून आणलेले असते. इतके अधिकारी जर्मनीकडे असते तर युद्धाचा निकाल वेगळा लागला असता. गोष्ट हवीच असेल तर कागदाची घ्यावी: कोल्ट कंपनी फी घेऊन पत्र देते, त्यात अमुक क्रमांकाचे पिस्तूल कारखान्यातून कधी आणि कोणाकडे रवाना झाले हे दप्तर पाहून लिहिलेले असते.

गोष्टींचाच विषय निघाला आहे तर माउझरची सांगायलाच हवी, कारण ती मुंबईत सुरू होते. १८९६च्या ऑक्टोबरात विन्स्टन चर्चिल नावाचा एकवीस वर्षांचा घोडदळातला अधिकारी ससून डॉकवर उतरत होता. होडी लाटेवर वरखाली होत होती. त्याने धक्क्याच्या भिंतीतली लोखंडी कडी धरली, तेवढ्यात होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. तो खांदा त्याला जन्मभर दगा देत राहिला. दोन वर्षांनी, २ सप्टेंबर १८९८ रोजी, सुदानात ओमदुरमानच्या लढाईत त्याच्या पलटणीने घोडे फेकले, तेव्हा त्या खांद्याने तलवार चालवणे धोक्याचे म्हणून त्याने तलवार म्यान केली आणि माउझर सी-९६ बाहेर काढले. झाडूच्या दांड्यासारखी मूठ, वरून पट्टीने दहा काडतुसे भरायची, आणि तेव्हा अगदी नव्या चालीचे. दुखणे आले म्हणून पिस्तूल घेतले, याला इतिहासात याहून तालेवार आधार सापडणे कठीण. काकांनी ही गोष्ट काकूंना तीन वेळा सांगितली. तिसऱ्या वेळी काकू म्हणाल्या, “त्यांना लढाईवर जायचं होतं. तुम्हाला फिजिओथेरपीला जायचंय.”

ब्राउनिंगची ओळख मराठी माणसाला करून द्यावी लागत नाही. २१ डिसेंबर १९०९च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग असताना अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून, हे शाळेपासून कानावर असते. ज्याच्या नावाचे ते पिस्तूल, तो जॉन मोझेस ब्राउनिंग अमेरिकेतल्या यूटाचा. १९११चे कोल्ट त्याचेच. १९२६च्या नोव्हेंबरात बेल्जियममधल्या लिएजच्या कारखान्यात, एका नव्या पिस्तुलाच्या आराखड्यावर काम चालू असताना, त्याचे हृदय बंद पडले. वय ७१. बायपास तेव्हा नव्हती. काकांचेही वय त्याच्या आसपास आहे, आणि हा परिच्छेद ते कोणाला वाचून दाखवत नाहीत.

मग एवढी उठाठेव कशासाठी? या गृहस्थाने आयुष्यभर कूपन कापल्याशिवाय काही विकत घेतले नाही. दह्याचे रिकामे डबे धुऊन त्यांत आमटी गोठवली. एक गाडी इतकी वर्षे चालवली की मेकॅनिक रिटायर झाला. मुलीचे कॉलेज, धाकट्या भावाचा फ्लॅट, आईचे शेवटचे आजारपण, सगळे त्याच पगारातून. आता प्रथमच त्याने अशी वस्तू घेतली आहे की जिचा कोणालाही काडीचा उपयोग नाही. घेऊ द्या.

निगराणीचे नियम. हाताळताना सुती हातमोजे घालावेत. घामातल्या मिठाने पोलादावरच्या निळ्या थरावर बोटांच्या ठशाबरहुकूम गंज उमटतो. दिवाळीत चकली खाता खाता “बघू, बघू” म्हणणाऱ्या पाहुण्याला आधी वॉशबेसिन दाखवावे. एच-वन-बी व्हिसावर आलेल्या भाच्याने कितीही आर्जव केले तरी त्याच्या हाती शस्त्र देऊ नये. तात्पुरत्या व्हिसावरच्या बहुतेकांना अमेरिकी कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, आणि भाच्याचे ग्रीन कार्ड आधीच पुरेसे रखडलेले आहे. कातडी म्यान कितीही देखणे असले तरी पिस्तूल त्यात साठवू नये. कातडे ओल धरते, कमावतानाची रसायने पोलादाला लागतात, आणि ह्यूस्टनच्या दमट हवेत उरलेले काम आपोआप होते. तेलाचा पातळ हात किंवा संग्रहालयांत वापरतात ते मेण पुरे. चमकवू नये. पितांबरी तर दाखवूसुद्धा नये. नव्याने मुलामा चढवलेल्या जुन्या पिस्तुलाची किंमत निम्म्यावर येऊ शकते.

खंडेनवमीला शस्त्रपूजा करायचा मोह अनावर होतो, आणि वर्षातून एकदा काकूंनाही या छंदात गोडी वाटते. करावी. पण हळदकुंकू, अक्षता आणि पाण्याचा शिंतोडा हे सारे खोक्याच्या झाकणावर. कुंकवाची भुकटी घोड्याच्या फटीत गेली की काढता काढता पुढचा दसरा येतो.

जुने पिस्तूल चालवून पाहू नये असे नाही, पण जाणत्या बंदूकसाजाला दाखवल्याशिवाय नाही. अमेरिकेत आलेल्या बऱ्याच वेब्ली रिव्हॉल्व्हरांचे सिलिंडर मागून घासून त्यांत सहज मिळणारे .४५ एसीपी काडतूस बसेल असे केले गेले. बसते, पण कारखान्यात भरलेल्या त्या काडतुसाचा दाब वेब्लीच्या कुवतीबाहेर जातो. एकोणिसाव्या शतकातली कोल्ट काळ्या दारूसाठी घडवलेली. त्यांत आजची बिनधुराची दारू घालू नये. ‘बसतंय की!’ हा इंजिनिअरिंगचा निकष नव्हे, हे काकांना कोणी सांगायला नको, पण सांगावे.

दर वेळी हातात घेतले की भरलेले आहे असेच समजावे. मॅगझीन काढले तरी एक गोळी नळीच्या मागे बसलेली असू शकते; स्लाइड मागे ओढून डोळ्यांनी पाहावे, बोट घालून चाचपावे. तिजोरी कुलूपबंद. काडतुसे वेगळ्या कुलपात. नातवंडे येणार असतील तर दोनदा बघावे.

या पुढच्या चार ओळी विनोदाच्या नाहीत. बायपासनंतर मन खचणे सर्रास घडते. रडू येते, झोप जाते, कशात राम वाटत नाही. ते दिवस असतील तर खरेदी पुढे ढकलावी, घरात आधीचे शस्त्र असेल तर तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हवाली करावी, आणि हृदयाच्या डॉक्टरला मनाचेही सांगावे. त्यालाही औषध असते. पिस्तूल शंभर वर्षे थांबले आहे, आणखी सहा महिने थांबेल.

शेवटी वारसाहक्क. मृत्युपत्राने आलेले शस्त्र वारसाला दुसऱ्या राज्यात नेता येते, अशी सूट केंद्रीय कायद्यात आहे. वारसाच्या राज्याचे नियम मात्र आधी पाहून घ्यावेत. प्रत्येक वस्तूचा क्रमांक, कागद आणि खरी किंमत यांची एक यादी करून काकांनी ती आजच काकूंच्या हाती द्यावी. किमतीच्या रकान्यापाशी हात अडखळेल. अडखळू नये. मोठ्या माणसाची सही घेतल्याशिवाय कुरिअरवाला अशी पार्सले देत नाही, आणि काका फिजिओथेरपीला गेलेले असताना दारात सह्या काकूच करत होत्या.