वायफायसाठी देशोधडी

लिनक्सच्या मुलखात फिरायला व्हिसा लागत नाही, विमान लागत नाही, रजेचा अर्जही लागत नाही. पेनड्राइव्ह खोचायचा, लॅपटॉप सुरू होताना एफ-१२ बडवत राहायचं, की बसल्या खुर्चीत सरहद्द ओलांडली. इथे प्रत्येक डिस्ट्रोचा आपापला झेंडा, आपापले रीतिरिवाज (डेबियनला तर लेखी राज्यघटनाच आहे), आणि शेजारच्या देशातले लोक दिवस कसे काढतात याची प्रत्येकाला मनापासून काळजी. सगळं फुकट. फक्त माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपचं वायफाय कुठेच रुजू व्हायला तयार नव्हतं.

खोट चिपमध्ये. ती बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांच्या ओठांवर ते आलंच असेल. अशा चिपला नुसता ड्रायव्हर पुरत नाही. दर वेळी लॅपटॉप उठला की तिच्या पोटात फर्मवेअर नावाची एक लहानशी फाइल ढकलावी लागते, तेव्हा कुठे तिला हवेतलं ऐकू येतं. फाइल कंपनीच्या मालकीची. आत काय आहे ते कंपनी दाखवत नाही, आणि काही कंपन्या तिच्या प्रती वाटायलाही मनाई करतात.

पहिला मुक्काम डेबियन. १९९३ साली आयन मर्डॉक यांनी हा देश वसवला आणि नावात मैत्रिणीला, डेब्राला, पुढे बसवून स्वतः मागे बसले. माणसं अशी सभ्य, नियमही तसेच. मुक्त नसलेली फाइल अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायची नाही. तो अदबीनं म्हणाला, आपल्या यंत्राला अमुक फर्मवेअर लागेल. पेनड्राइव्हवर द्या, फ्लॉपीवर दिलंत तरी चालेल. फ्लॉपी! आणि फाइल आणायची कुठून? तर नेटवरून. पुढे २०२२ साली तिथे मतदान होऊन नियम सैलावला आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. मी त्याआधीचा यात्रेकरू.

तिथून ट्रिस्क्वेल. हा स्पेनच्या गॅलिसियातला, सोवळ्यातला. इथल्या कर्नलमधून बंदिस्त फर्मवेअर मागण्याची सोयच खरवडून काढलेली असते, आणि नोंदवहीत फाइलच्या नावाच्या जागी ‘डीब्लॉब्ड’ असा शिक्का. माझ्या चिपला पाणीसुद्धा विचारलं नाही. राग आला नाही, उलट आदरच वाटला. आदराला रेंज नसते, म्हणून पुढे निघालो.

वाटेत जाणती मंडळी भेटत होती. एकानं एनडिसरॅपर सुचवलं: विंडोजचाच ड्रायव्हर घ्यायचा आणि आपण अजून विंडोजमध्येच आहोत अशी त्याची समजूत करून द्यायची. दुसऱ्यानं एफडब्ल्यूकटर सांगितलं: कंपनीच्या ड्रायव्हरचं पोट फाडून आतलं फर्मवेअर काढायचं. ही शस्त्रक्रिया शिकायला, शिवाय तो ड्रायव्हर आणायलाही, पुन्हा नेटच हवं.

पपी लिनक्स मात्र प्रेमळ. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये पाळलेलं हे पिल्लू आख्खं रॅममध्ये मावतं आणि सुरू होताना खरोखर भुंकतं. रात्री साडेअकराला ते भुंकलं आणि बायको झोपेतच ओरडली, “अहो, आधी तो कुत्रा बाहेर काढा!” आवाज ठणठणीत होता. वायफाय नव्हतं.

शेवटी भाचा आला आणि त्यानं लिनक्स मिंटच्या दारात नेऊन उभं केलं. मूळ आयर्लंडचं, २००६ पासूनचं, आतिथ्यशील घराणं. तिथला ड्रायव्हर मॅनेजर नेट नाही म्हणून रडत बसला नाही. म्हणाला, ज्या पेनड्राइव्हवरून आलात तोच पुन्हा लावा, ड्रायव्हर त्यातच आहे. लावला. एक टिचकी, एक रीस्टार्ट, आणि कोपऱ्यात सोसायटीतल्या तमाम बिऱ्हाडांची नेटवर्कं उगवली. वरच्या मजल्यावरच्यांनी आपल्या नेटवर्कचं नाव ‘मागू नये’ असं ठेवलंय, हे मला त्या दिवशी कळलं.

“झालं ना, मामा? आता इथेच राहशील ना?” भाच्यानं विचारलं.

“राहीन की. जरा फेडोराची आयएसओ उतरू दे, मग बघू.”