शेगडीला नावं ठेवणारी पोरं

ऐकलंत का? चेन्नईतल्या आपल्या मराठी घरांमध्ये सध्या एक नवंच खूळ शिरलंय. इंजिनिअरिंग झालेली, ओएमआर रस्त्यावरच्या आयटी कंपन्यांत व्यवस्थित चिकटलेली पोरं संध्याकाळी डिझाइन शिकायला बसतात. चित्र काढता येतं का? नाही. रंगांचं कळतं का? शर्टांवरून तरी वाटत नाही. मग शिकतात काय? तर माणसं कुठे अडखळतात ते बघायला! यूएक्स, म्हणजे यूझर एक्स्पीरियन्स, म्हणतात त्याला. स्थळाच्या बायोडेटातही आता हेच येतं, आणि मुलीकडचे दबक्या आवाजात विचारतात, "पण मुलगा नक्की करतो काय?"

वेलाचेरीच्या एका घरात तर कहर झाला. सून नुकतीच शिकायला लागलेली, आणि तिनं थेट सासूबाईंच्या चार बर्नरच्या शेगडीला नावं ठेवली. बर्नर दोन पुढे, दोन मागे. बटणं मात्र सगळी एका ओळीत. कुठलं बटण कुणाचं, हे बघून कळावं तरी कसं? डॉन नॉर्मन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९८८ साली अख्खं पुस्तक लिहून ठेवलंय म्हणे, की भलताच बर्नर पेटला तर दोष पेटवणाऱ्याचा नाही, शेगडी घडवणाऱ्याचा. आता सासूबाई गप्प बसतील? पण बसल्या! दूध एकीकडे आणि जाळ दुसरीकडे, हे प्रसंग त्यांच्याही खात्यावर होते, आणि त्यावरून सासरेबुवांनी आयुष्यभर टोमणे मारले होते. शेवटी त्या म्हणाल्या, "ते प्राध्यापकांचं यांना एकदा मोठ्यानं वाचून दाखव गं."

तेव्हापासून त्या घरात कुणाचंच काही चुकत नाही. पंखा चालू राहिला? स्विचबोर्डाची चूक. दार ढकलायचं ते ओढलं? दाराची चूक. फिल्टर कॉफीच्या टंबलरचं तेवढं कौतुक होतं. वरचा काठ बाहेर वळवलेला, म्हणून कढत कॉफीतही बोटं भाजत नाहीत. यावर परवा मला भररस्त्यात व्याख्यान ऐकावं लागलं. कॉफी निवली.

शिकवणारे मात्र खमके असतात हं. एका चिरंजीवांनी तिकिटाच्या अ‍ॅपसाठी घरबसल्या एक काल्पनिक प्रवासी तयार केला. नाव, वय, आवडीनिवडी, वर इंटरनेटवरचा हसरा फोटो. सरांनी कागद बाजूला सारला आणि त्याला किलांबाक्कमला पिटाळलं. २०२३ च्या अखेरीस उघडलेलं ते शहराबाहेरचं प्रचंड बसस्थानक. तिथं उभं राहून बघायचं, विचारायचं, आणि मग गप्प बसायचं. "असं अ‍ॅप आवडेल का?" हे विचारायला बंदी, कारण आपली माणसं भिडस्त, समोरच्याचं मन मोडवत नाही म्हणून "हो" म्हणून मोकळी होतात. विचारायचं ते असं: "मागच्या वेळी तिकीट कसं काढलंत?" मुलाला घरी आईच्या एका प्रश्नाला धड उत्तर देता येत नाही, आणि तिथं तो तिरुनेलवेलीच्या आजोबांचं सगळं म्हणणं वहीत उतरवून घेतो! आईनं हे ऐकलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

भिंतींची दशा विचारूच नका. नव्या रंगावर या मुलाखतींच्या पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या. चेन्नईत पंखा बंद ठेवणं अशक्य, चालू केला की संशोधन घरभर उडतं.

पण खरी निर्दयता पुढे. कागदावर पेन्सिलीनं फोन काढायचा आणि तो आजीपुढे ठेवायचा. आजी कागदावरचं बटण दाबते, नातू तो कागद उचलून दुसरा सरकवतो. आजी अडली तर मदत करायची नाही! "मनात येईल ते मोठ्यानं बोल" एवढंच सांगायचं. आजी बोलल्या. "हे तिरकं काय आहे? मागे कसं जायचं? गधड्या, नुसता बघतोस काय?" नातवानं तेही लिहून घेतलं. याकोब नीलसन या यूएक्समधल्या जाणकाराचं म्हणणं असं की पाच जणांवर तपासलं तरी बहुतेक खोडी बाहेर पडतात. आमच्या आजी एकट्याच पाचांना पुरून उरल्या.

हे सगळं परदेशी फॅड आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांची मात्र पंचाईत आहे. आयआयटी मुंबईचं औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ पासून पवईत उभं आहे. मतदान यंत्राचं रूप घडवण्यात तिथल्याच ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांचा हात. नाव, चिन्ह, शेजारी निळं बटण. दाबलं की लाल दिवा आणि लांबलचक बीप. २००१ साली तमिळनाडूच्या विधानसभेला अख्ख्या राज्यानं ते वापरलं, अक्षरओळख नसलेल्यांनीसुद्धा. आणि झोहो ही इथलीच कंपनी, ती तर बारावी झालेल्या पोरांना फी न घेता, वर विद्यावेतन देऊन शिकवते, त्यात डिझाइनही येतं. म्हणजे ही साथ इतक्यात आटोपत नाही.

तेव्हा चेन्नईला आलात आणि कुणी वही घेऊन "काकू, पाच मिनिटं आहेत का?" म्हणालं, तर बसा. पाचाची वीस होतील. फोन त्यांचाच वापरा, आणि जे कळत नाही ते "कळत नाही" म्हणून स्पष्ट सांगा. कॉफीचे पैसे त्यांना देऊ द्या.