वाणमामा

मच्छे गावच्या स्टॉपवर चहाला थांबलात आणि शेजारच्या गृहस्थांनी नाव-गाव विचारायच्या आधीच "तुमच्यात भात कुठला लावतात ओ?" असं विचारलं, तर समजा, वाणमामा भेटले. 'तांदूळ दुकानातनं आणतो' असं उत्तर देऊ नये. मामा इतक्या कळवळ्यानं बघतात की आपल्याला आईबाप नसल्यासारखं वाटतं.

मामा कारखान्यातनं निवृत्त झाले तेव्हा आता चार लोकांसारखे देवळात जाऊन बसतील, अशी मामींची समजूत होती. ते जाऊन बसले रानात, भाताची लग्नं लावत. रान धड पाऊण एकर नाही, पण दर चार हातांवर एक पाटी. गाव त्याला वधूवर सूचक मंडळ म्हणतं.

लग्न सोपं नसतं. भाताच्या एकाच फुलात नवरा-नवरी दोघंही, त्यामुळं ते आपलं आपणच उरकून मोकळं होतं. ते आधी थांबवावं लागतं. संध्याकाळी मामा लोंबीसमोर उकिडवे बसतात, फुलाचं टोक कात्रीनं उडवतात आणि सुनेच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं आतले सहा पुंकेसर एकेक करून उपसतात. एक जरी राहिला तरी सगळी मेहनत पाण्यात. मग लोंबीवर पिशवी. ती कुंद्याच्या पुड्याच्या कागदाची, म्हणून वऱ्हाडाआधी मुंग्या हजर. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला दुसऱ्या वाणाची फुललेली लोंबी आणून आत झटकायची, की अक्षता पडल्या. "आमच्या वेळी पत्रिकासुद्धा बघितली नव्हती ह्यांनी," असं मामी बांधावरनं ऐकवतात.

स्थळांची माहिती मात्र चोख. "इंद्रायणी? 1987 ची, वडगाव मावळच्या केंद्रातली. एकीकडनं आंबेमोहर 157, वासाचा, पण वारं सुटलं की आडवा. दुसरीकडनं फिलिपिन्सचा आयआर 8, बुटका, पिकाऊ, वासाच्या नावानं ठणठण." फिलिपिन्सच्या त्याच भात संशोधन संस्थेत आपल्या पंजाबच्या गुरदेवसिंग खुश यांच्या काळात सहा हजारांवर वाण तपासले, तेव्हा भात खुरटवणारा एक रोग न लागणारं एकच स्थळ सापडलं, तेही उत्तर प्रदेशातलं जंगली भात. "गुण असला तर जंगलातली सोयरीकसुद्धा करावी लागते," हे वाक्य मामांनी एका मुलीच्या बापासमोर ऐन बस्त्याच्या दिवशी टाकलं. तेव्हापासनं त्यांना बोलणीला कुणी नेत नाही.

बॅकक्रॉसनं तर त्यांची अब्रूच घेतली. जंगली भाताचा एक गुण हवा, बाकीच्या खोडी नकोत. म्हणून संकरातलं रोप पुन्हा पुन्हा मूळच्या चांगल्या वाणाशीच जुळवतात. मामांनी हे खानापूरच्या बसमध्ये मोठ्यानं समजावलं : "झालेल्या पोरीचं लग्न परत बापाशी, तिच्या पोरीचंही त्याच्याशीच, अशा पाच-सहा पिढ्या!" पुढच्या बाकावरच्या बायका उठून ड्रायव्हरजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

शेजारीच विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ. तिथली पोरं चहाला आली की मामांना श्रोते मिळतात. "काय शिकूलास?" "कॉम्प्युटर." "असू दे. भाताला गुणसूत्रांच्या बारा जोड्या, 2005 ला त्यांचा सगळा नकाशा झाला, त्यात आपल्या देशाचाही हात. आता रोग पडायची वाट बघायला नको. रोपाचं पान तपासलं की गुण उतरलाय की नाही कळतं. हैदराबादकरांनी सांबा मसुरीत जिवाणूचा करपा अडवणारे तीन गुण असेच घातले, 2008 ला वाण आला!" पोरं चहा अर्धा टाकून पळतात.

तुडतुड्याचं नाव काढलं की मात्र मामांचा आवाज उतरतो. 1973 ला आयआर 26 आला, तपकिरी तुडतुड्याला दाद न देणारा. दोन-तीन वर्षांत तुडतुड्यानं त्याचाही फडशा पाडला. 1976 ला वेगळा गुण घेऊन आयआर 36 आणावा लागला. तिकडं ब्रिटनमध्ये रासबेरीवर मावा बसू नये म्हणून काळ्या रासबेरीकडनं एक जनुक घेतलं, कालांतरानं मावा त्यालाही पुरून उरला. मैलोन्‌मैल एकच गुण लावला की त्यातनं तगणारा एखादा किडा निघतोच, आणि पुढची सगळी पिलावळ त्याची.

मामांचा स्वतःचा वाण? अजून नाही. संकरानंतर पाच-सहा पिढ्या निवड केल्याशिवाय वाण स्थिर होत नाही, आणि चौथ्या पिढीपर्यंत आलं की मामांना दुसरंच स्थळ पसंत पडतं.

गाव हसतं. पण भातावर काही पडलं की तेच गाव संध्याकाळी मामांच्या बांधावर उभं असतं. कारण ज्याच्या रानात पन्नास जाती, त्याचं सगळं रान एका रोगानं जात नाही. एकच वाण लावणाऱ्याचं जातं. तेव्हा मामा भेटले तर चहाचे पैसे तुम्ही द्या आणि मूठभर बियाणं मागून घ्या. फक्त घरात लग्नाची मुलगी आहे, हे बोलू नका.