आकाशाचा सातबारा

ड्रोनचा धंदा सुरू केल्यापासून मी मान वर करूनच चालतो. कारंज्याच्या रस्त्यांवर त्यामुळे ठेचा लागतात. पण वैमानिकाने खाली बघणं बरं दिसत नाही. लग्नाला छोटा ड्रोन, फवारणीला दहा लिटर टाकीचा मोठा, खिशात प्रमाणपत्र. उरली होती फक्त परवानगी. तिथेच घात झाला.

२०२१ च्या नियमांनी देशाचं आकाश हिरवं, पिवळं, लाल असं वाटून टाकलंय. विमानतळापासून १२ किलोमीटरच्या पलीकडे साधारण सगळं हिरवं. ४०० फुटांपर्यंत कोणाला विचारायचं नाही. नागपूरचं विमानतळ आपल्यापासून सत्तरेक किलोमीटर. नकाशात कारंजा (घाडगे) हिरवंगार! म्हणजे मला अडवणारंच कोणी नाही. एवढा अपमान शाळेतही झाला नव्हता.

कारण मला गोल शिक्का प्रिय आहे. चौकोनी शिक्का म्हणजे नुसती आवक-जावक. सत्ता गोलातच असते. शाई जांभळी हवी, मध्ये सिंह, कडेची अक्षरं अर्धी उमटलेली. पूर्ण उमटली की नक्कल वाटते. जुने बाबू शिक्क्यावर आधी तोंडाची वाफ सोडत, मग दणका. वाफेविना मारलेला शिक्का मी मनातून मानत नाही. रहिवासी, उत्पन्न, शाळा सोडल्याचा, सगळे दाखले मी प्लास्टिकात जपलेत. बायको म्हणते, लग्नाच्या फोटोंनाही एवढं जपलं नाही. आता सगळं ऑनलाइन. क्यूआर कोडवर कोण वाफ सोडणार?

असो. शेवटी नागपूरचं एक लग्न देवासारखं धावून आलं. लॉन विमानतळापासून सात किलोमीटरवर! पाच ते आठच्या पट्ट्यात आकाश जमिनीपासूनच पिवळं. हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी लागते. मी अर्ज केला. परवानगी आली. छापून घेतली, चहाच्या टपरीवर सहज दिसेल अशी धरली. तिच्यात उड्डाणाची वेळ होती, सकाळी ११ ते १२. आणि वऱ्हाडी वरात! नवरदेवाचे दोस्त लॉनच्या अलीकडच्या चौकात दोन वाजेपर्यंत नाचत होते. अकरा ते बारा मी कायदेशीरपणे रिकाम्या खुर्च्या टिपल्या.

शेजारचे काकाजी कपाशीच्या फवारणीसाठी आले. "परवानगी हाय का जी?" लागत नाही म्हटल्यावर माझ्याकडे संशयानं बघू लागले. ड्रोनला नंबर हवा, विमा हवा, मला प्रशिक्षण हवं, हे सगळं मी ऐकवलं. ऐकवता ऐकवता मलाच राग आला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, पाठीवर पंप, फवारा नाकासमोर. त्यांच्या हातमोज्यांचा, मास्कचा कोणी कागद मागितला होता? ४०० फुटांवरच्या हवेला नियम आहे. साडेपाच फुटांवरच्या हवेला नकाशात रंगच नाही.

काकाजींना राग-बिग काही नव्हता, हिशेब होता. "मंग आमच्या पंपवाल्या गड्याले काय काम देऊ? तुह्या बॅटऱ्या उचलाले ठेव."

ठेवला. वाऱ्याचा अंदाज त्याला माझ्याहून चांगला. कोणत्या धुऱ्याकडून सुरुवात करायची, तोच सांगतो. वैमानिक मात्र नियमानं दहावी पास हवा आणि तो आठवीतून निघालेला. म्हणून रिमोट माझ्या हातात असतो आणि तो मागून ओरडतो, "भाऊ, खाली घ्या, खाली!"