पाणी आलं

निवृत्तीनंतर माणूस एकतर गुडघे दाखवत फिरतो नाहीतर काहीतरी शिकायला लागतो. मी डेटा सायन्सच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. टेक्स्ट मायनिंगला पोचलो तेव्हा सरांनी गृहपाठ दिला, आपल्याजवळचा मजकूर घ्या. सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे माझ्याजवळ व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या दोन वर्षांच्या तक्रारी होत्या. मजकुराला तोटा नव्हता.

आधी 'आणि', 'पण', 'तर' असले भरतीचे शब्द गाळायचे असतात. त्यांना स्टॉपवर्ड म्हणतात. कुठूनतरी मिळवलेली मराठी यादी मी लावली आणि मशीनचा निकाल आला : रहिवासी अत्यंत समाधानी. म्हटलं, हे कुणाचे रहिवासी? शोधल्यावर कळलं, यादीत 'नाही' होतं. आमच्याकडचं नित्याचं 'पाणी आलं नाही' सगळीकडे नुसतं 'पाणी आलं' होऊन बसलं होतं. पुढे विषयवार गठ्ठे पाडले, तर एकात 'आलं', 'पाणी', 'दूध' असे शब्द निघाले. गठ्ठ्याला नाव माणसानेच द्यायचं असतं. सरांनी आनंदाने 'चहा' दिलं.

इंग्रजीवाल्यांचं बरं असतं. मार्टिन पोर्टर यांनी १९८० सालीच शब्दांची शेपटं छाटायचे नियम लिहून ठेवले. आमची टाकी मात्र टाकीत, टाकीतलं, टाकीवरच्या, टाकीशेजारच्यांना अशी पसरत जाते. मशीनच्या लेखी या चार टाक्या. (इथे एक भरताना मारामार.) मी शेवटचा 'त' कापायचा नियम लिहिला. 'टाकीत'ची टाकी झाली, पण 'भात'चा भा झाला.

नेटवर्क अॅनालिसिस मात्र मला पहिल्याच दिवशी आपलंसं वाटलं, कारण तिथे उदाहरण भांडणाचं होतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातला कराटे क्लब. माणसं ३४. फी वाढवण्यावरून शिक्षक आणि अध्यक्ष यांची जुंपली आणि क्लब फुटला. कोणाचं कोणाशी जमतं एवढ्यावरून वेन झॅकरी या अभ्यासकाने कोण कुठे जाईल ते मांडलं. त्याचा निबंध १९७७ चा. एक सोडून सगळे बरोबर. चुकला तो नऊ नंबरचा. मनाने अध्यक्षाचा, पण ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर होती, म्हणून गेला शिक्षकाकडे.

आमच्याकडेही वार्षिक सभा तोंडावर होती. नवी टाकी, तिची वर्गणी, अध्यक्ष एकीकडे, मी दुसरीकडे. कोण कोणाच्या मेसेजला उत्तर देतं त्याच्या रेघा ओढल्या. १९ घरं, दोन तट. माझा तट दहाचा! सर्वांत जाड रेघ माझ्या आणि बायकोच्या ठिपक्यात होती. मी फोन उचलत नाही म्हणून ती ग्रुपवरच मला विचारते, "गॅस बंद केला का?" असं ४१ वेळा. मशीनला ते घट्ट नातं वाटलं. वाटू दे.

सभेत हात वर झाले. अठरा घरांचा अंदाज तंतोतंत. आमच्या घराच्या वतीने सौ.ने हात वर केला, तो अध्यक्षांच्या बाजूने. (फ्लॅट तिच्या नावावर आहे.) ठराव दहा विरुद्ध नऊने पडला.

घरी येऊन मी तिला झॅकरीपासून सगळं समजावलं. तिने शांतपणे कुकर लावला.

"अध्यक्षीणबाईंच्या भिशीत आहे मी. या खेपेला माझा नंबर."

"कधी?"

"तीन आठवडे आहेत अजून."