तोलाचे वस्ताद

कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर हमखास एक असा माणूस बसलेला असतो, जो तुमच्या तोंडाकडे बघून बोलत नाही. तो तुमच्या घोट्यांकडे बघून बोलतो. आमच्या गल्लीतले वस्ताद त्यातलेच. मी बँकेत लागलो तेव्हा पेढे द्यायला गेलो, तर पेढा गालात ठेवून माझ्या चपलांकडे बघत म्हणाले, "डाव्या टाचंवर रेलतोस. कुनीबी ढाक मारंल तुला." बँकेत ढाक मारणारं कुणी नसतं, असं मी सांगून पाहिलं. तीन वर्षांनी माझी गडहिंग्लजला बदली झाली, तेव्हा ते फक्त "बघ" एवढंच म्हणाले.

वस्तादांच्या लेखी माणसांच्या दोनच जाती. तोल असलेली आणि नसलेली. ताकदीचं त्यांना कौतुक नाही. "ताकद रेड्यालाबी असती," म्हणून ते विषय संपवतात. केएमटीच्या बसमध्ये निम्म्या जागा मोकळ्या असल्या तरी ते मधोमध उभे राहतात, दांडी न धरता. गुडघे किंचित वाकलेले, कंबर खाली. वळणावर बाकीची बस एका अंगाला कलंडते, वस्ताद जागच्या जागी. लग्नाला गेले तर बोहल्यावरच्या नवऱ्याचा पवित्रा बघून घेतात आणि मुलीकडच्या माणसांना हळूच दिलासा देतात, "हलका गडी हाय. तुमची पोरगी जड जाईल त्येला."

तालमीत नवं पोरगं आलं की पहिला महिनाभर डावाचं नाव नाही. यूट्यूबवर बघून कलाजंग शिकलेलं पोरगं आधी जोर-बैठकांना लागतं आणि मग हौद्यात एका पायावर उभं राहतं, डोळे मिटून. ताक, तेल, हळद पिऊन मऊ झालेल्या त्या तांबड्या मातीत पायाची बोटं रोवायची. मागून वस्ताद येतात आणि करंगळीनं खांद्याला टोचतात. नव्वद किलोचा गडी उंबरासारखा पडतो. "डोळ्यानं उभा व्हतास व्हय रं? पायानं उभा ऱ्हा." मग समजावतात. खडाखडीत हाताशी झोंबायचं ते निव्वळ निमित्त. समोरच्याचं वजन कुठल्या पायावरून कुठल्या पायावर चाललंय, ते हातानं वाचायचं. त्यानं पाऊल उचललं आणि ते अजून टेकलं नाही, तेवढ्यात टांग बसली पाहिजे. टेकल्यावर बसली तर ती टांग नव्हे, लाथ.

बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पैलवानांसाठीच काढला, हे त्यांचं आवडतं वाक्य. या वाक्याच्या जोरावर त्यांनी एकदा एका हेवीवेट पैलवानाला खांबावर चढवलं होतं. पैलवान सुखरूप आहे. खांब नवा आणावा लागला.

खासबाग मैदानातही त्यांचं वेगळंच. शाहू महाराजांनी १९१२ साली हे मैदान बशीसारखं उतरतं बांधून घेतलं, कुठूनही कुस्ती नीट दिसावी म्हणून. पण वस्ताद आपले अगदी खाली, पहिल्या रांगेत. वरून डाव दिसतात, घोटे दिसत नाहीत! खाशाबा जाधवांचं नाव निघालं की लोक हेलसिंकीच्या १९५२च्या कांस्यपदकावर बोलतात. वस्ताद १९४८च्या लंडनवर येतात, जिथं खाशाबा सहावे आले. "मातीत पाय रुततो, गादीवर उसळतो. चार वर्सं त्यांनी डाव न्हाई, पाय शिकला." हे खरं-खोटं मला ठाऊक नाही, पण वस्ताद असं सांगतात की गादी जणू त्यांनीच अंथरली होती.

गेल्या वर्षी तालमीत एक नवे कोच आले. ट्रॅकसूट, शिट्टी, अर्ध्या कापलेल्या चेंडूसारखं एक रबरी उपकरण आणि खाली गोळा बसवलेली डुगडुगणारी फळी. त्यांनी पोरांना तक्ता दाखवून सांगितलं, "शरीराचा तोल मुख्यतः कानात असतो."

तालीम गप्प झाली. सगळ्यांनी वस्तादांच्या कानांकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या घिश्शांनी मोडून त्यांचे दोन्ही कान कोबीच्या गड्ड्यासारखे झालेले आहेत.

"असं असतं तर," वस्ताद म्हणाले, "मी घरातनं हितवर कसा आलो असतो?"

आतल्या कानाची गोष्ट वेगळी, हे कोच सांगत होते. पण हशात ते कुणाला ऐकू गेलं नाही. वस्तादांनी चहाचा कप हातात घेतला, धोतर सावरलं आणि ते त्या फळीवर चढले. फळी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डुगडुगली आणि निमूट झाली. वस्तादांनी वर उभ्यानं चहा संपवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कोचनीही वाजवल्या. कुणीतरी हलगी शोधू लागलं.

चहा संपला तरी वस्ताद उतरेनात. मला वाटलं, रुबाब चाललाय. मग त्यांनी डोळ्यानं मला जवळ बोलावलं. पहिल्यांदाच ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"बँकवाले," ते पुटपुटले, "उजवा गुडघा गेलाय माझा. कप घ्यायला आल्यागत ये, आन् खांदा दे."